फोनो प्रीअँप्लिफायर घरी बांधताना : तपकीर गल्लीतील खरेदी, परदेशी ऑर्डर आणि जोडणी

जुन्या बाजारातून किंवा घराच्या माळ्यावरून रेकॉर्ड प्लेअर हाती येतो, तो दुरुस्त होऊन फिरूही लागतो, आणि मग लक्षात येते की आजच्या बहुतेक अँप्लिफायरना त्याची तार थेट जोडता येत नाही. जोडलीच तर आवाज अत्यंत क्षीण, खर्ज नसलेला आणि कर्कश येतो. पूर्वीच्या अँप्लिफायरमध्ये असणारा फोनो प्रीअँप्लिफायर हा टप्पा मधून वगळला गेल्यामुळे असे होते. हा टप्पा घरी बांधता येतो आणि नीट बांधल्यास तो उत्तम वाजतो. मात्र सुरुवात करणाऱ्यांची गाडी सर्किटपेक्षा खरेदीत अधिक अडते. कोणता भाग पुण्यात घ्यायचा, कोणता बाहेरून मागवायचा, पार्सल सीमाशुल्कात अडकले तर काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळत नाहीत. ती मिळावीत म्हणून हा लेख लिहिला आहे. ज्यांना सोल्डरिंग जमते आणि मल्टिमीटर वापरता येतो, अशांना तो पुरेसा ठरावा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या कामाला लागणारे बहुतेक सगळे सामान पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात मिळते. परदेशातून मागवण्याजोगे भाग मोजकेच असतात आणि ते एकाच ऑर्डरमध्ये, संपूर्ण यादी तयार झाल्यावरच मागवावेत.

१. आपले कार्ट्रिज कोणत्या जातीचे आहे ते पाहा

कार्ट्रिज म्हणजे सुईच्या कंपनांचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग. मूव्हिंग मॅग्नेट जातीचे कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट इतका सिग्नल देते आणि त्याला ४७ किलोओहमचा भार लागतो. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा सिग्नल याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका असतो, त्यामुळे त्याला आणखी एक टप्पा लागतो. पहिल्या प्रयत्नासाठी मूव्हिंग मॅग्नेटच घ्यावे. पुढील सर्व आकडे त्यासाठीच आहेत. जुन्या स्वस्त रेकॉर्ड प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असते, ते बरेच जास्त व्होल्टेज देते आणि त्याला हे सर्किट चालत नाही. कार्ट्रिजवरचा क्रमांक वाचून खात्री केल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये.

२. सर्किट समजून घ्या

रेकॉर्ड कापताना खर्जाची पातळी मुद्दाम कमी केलेली असते, कारण खर्जाचे मोठे आंदोलन खाचेत मावत नाही. तसेच तार स्वरांची पातळी वाढवलेली असते, म्हणजे वाजवताना ती पुन्हा उतरवली की तबकडीची खरखरही तिच्याबरोबर उतरते. वाजवताना करायच्या या दुरुस्तीचे प्रमाण १९५४ साली अमेरिकेतील रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने ठरवले आणि तिच्या आद्याक्षरांवरून त्याला आरआयएए म्हणतात. त्यात ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद असे तीन कालांक आहेत. वारंवारतेत सांगायचे तर ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ. २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबलची वाढ आणि २० किलोहर्ट्झला सुमारे तेवढीच घट, असा हा उतार आहे. बालगंधर्वांच्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की त्या या प्रमाणाच्या आधीच्या आहेत. त्यांना वेगळा उतार आणि अधिक रुंद सुई लागते.

नवशिक्याने एनई ५५३२ या दुहेरी ऑप-अँपवर, म्हणजे सिग्नल मोठा करणारे दोन अँप्लिफायर असलेल्या आयसीवर, आधारलेले सर्किट घ्यावे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला हा आयसी आजही या कामाला अगदी योग्य आहे, कारण त्याचा स्वतःचा आवाज कमी असतो आणि तो ६०० ओहमचा भार सहज पेलतो. आवाजाबाबतचा फरक आकड्यांतही दिसतो : ५५३२ ची नॉइज घनता ५ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ आहे, तर नेहमी हाताशी असणाऱ्या टीएल ०७२ ची १८ च्या आसपास. एका आयसीतील एक अर्धा डाव्या चॅनलला आणि दुसरा उजव्या चॅनलला वापरावा.

प्रत्येक चॅनलची जोडणी अशी. सिग्नल नॉन-इन्व्हर्टिंग पायावर द्यावा आणि तेथून ग्राउंडला ४७ के (किलोओहम) जोडावा. आउटपुटपासून इन्व्हर्टिंग पायाकडे येणाऱ्या फीडबॅकच्या वाटेत दोन गट एकापुढे एक जोडावेत. पहिल्या गटात ८२ के आणि ५.६ के हे रेझिस्टर सिरीजमध्ये, व त्यांना समांतर ३३ नॅनोफॅरड आणि ३.३ नॅनोफॅरड हे कपॅसिटर. दुसऱ्या गटात ७.५ के आणि त्याला समांतर १० नॅनोफॅरड. इन्व्हर्टिंग पायापासून ग्राउंडकडे १०० ओहम आणि त्याच्या पुढे ४७० मायक्रोफॅरड.

हे आकडे स्वतः पडताळून पाहावेत. ८७.६ के गुणिले ३६.३ नॅनोफॅरड म्हणजे ३१८० मायक्रोसेकंद, ७.५ के गुणिले १० नॅनोफॅरड म्हणजे ७५. तिसरा कालांक या दोन गटांच्या गुणोत्तरातून आपोआप येतो आणि तो ३१८ ऐवजी ३२० च्या जवळ पडतो. हा फरक एका टक्क्याहूनही कमी आहे आणि कानाला जाणवत नाही. १ किलोहर्ट्झला एकूण वाढ सुमारे ९७ पट, म्हणजे जवळजवळ ४० डेसिबल होते. ५ मिलिव्होल्टचे अर्धा व्होल्ट झाले की कोणत्याही अँप्लिफायरला ते पुरते. शेवटच्या ४७० मायक्रोफॅरडमुळे डीसीसाठी वाढ केवळ एक पट राहते. तो गाळून तेथे थेट तार जोडली तर डीसीची वाढ साडेनऊशे पटींहून अधिक होते आणि आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटते.

३. यादी करा आणि तिचे दोन भाग पाडा

पुण्यात घ्यायचे सामान :
– १५-०-१५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, डायोड ब्रिज, ७८१५ व ७९१५ रेग्युलेटर
– ३५ व्होल्टचे २२०० मायक्रोफॅरड कपॅसिटर दोन, ४७ मायक्रोफॅरडचे काही
– एक टक्क्याचे पाव वॅट एमएफआर (मेटल फिल्म) रेझिस्टर
– १०४ चे (१०० नॅनोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर, आयसी बेस, झिरो पीसीबी (नुसत्या भोकांची जाळी असलेला बोर्ड)
– आरसीए सॉकेट, शील्डेड वायर, फ्यूज व फ्यूज होल्डर, तीन पिनांची मेन कॉर्ड
– अॅल्युमिनियमची किंवा पत्र्याची पेटी, स्पेसर, स्क्रू

परदेशातून मागवायचे सामान :
– अस्सल ५५३२, सुट्टे पाच-सहा
– पॉलिप्रॉपिलिनचे १०, ३३ आणि ३.३ नॅनोफॅरड कपॅसिटर
– चांगल्या प्रतीचा बायपोलर ४७० मायक्रोफॅरड
– हवे असल्यास चांगले पोटेन्शिओमीटर

तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत जाताना यादी कागदावर लिहून न्यावी आणि ती दुकानाच्या भाषेत असावी. 'एक टक्क्याचा एमएफआर, साडेसात के' असे म्हटले की नेमकी वस्तू समोर येते. नुसते 'साडेसात के' म्हटल्यास कार्बनचा, पाच टक्क्यांचा मिळण्याची शक्यता असते. कपॅसिटरच्या बाबतीत अधिक जपावे. 'तेहतीस एन' मागितल्यावर काउंटरवर येणारी हिरवी किंवा तपकिरी चकती उलटून पाहावी. तिच्यावर ३३३ छापलेले असेल तर मूल्य बरोबर आहे, ३३२ असेल तर ते ३.३ नॅनोफॅरड आहे. मात्र मूल्य बरोबर असले तरी ती सिरॅमिक असेल तर आरआयएएच्या जागी वापरू नये. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरचे मूल्य त्याच्यावरील व्होल्टेजनुसार बदलते आणि पेटीला टिचकी मारली की तो आवाजही उचलतो. हिरवा पॉलिएस्टर चालेल, पण त्यातील दहा टक्क्यांच्या फरकामुळे डावा आणि उजवा चॅनल एकमेकांशी जुळत नाहीत. पॉलिप्रॉपिलिन बाहेरून मागवण्याचे खरे कारण हेच आहे.

ट्रान्सफॉर्मर बाहेरून मागवण्याचा मोह टाळावा. तो जड असतो, वाहतूक महाग पडते आणि आपल्याकडे २३० व्होल्टचा चांगला माल सहज मिळतो. पेटी, पितळी स्पेसर आणि स्क्रू यांसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी गाठावी. पुढची पट्टी लेझरने कापून हवी असेल तर भोसरी एमआयडीसीतील लहान वर्कशॉप एकेका नगाचे काम घेतात का, हे आधी फोनवर विचारावे. गणपती आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत तपकीर गल्ली रोषणाईच्या माळांच्या गिऱ्हाईकांनी भरलेली असते. तेव्हा दुकानदाराकडे चार रेझिस्टर शोधून देण्याइतका वेळ नसतो, म्हणून ही खरेदी त्यापूर्वी किंवा नंतर करावी. पुण्यात न मिळालेल्या वस्तूंसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच.

४. ऑर्डर देण्यापूर्वी कागदपत्रे आणि कार्ड तयार ठेवा

ही तयारी हाताशी असावी :
– आधार कार्ड, पॅन कार्ड. पासपोर्ट असल्यास तोही
– ओळखपत्रावर जसे आहे तसेच्या तसे नाव आणि ४११ ने सुरू होणाऱ्या पिनकोडसह पूर्ण पत्ता
– चालू मोबाइल क्रमांक व ईमेल
– परदेशी व्यवहार सुरू केलेले क्रेडिट किंवा डेबिट कार्ड

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या नियमांनुसार नवीन कार्ड केवळ देशांतर्गत व्यवहारांसाठी सुरू असते. परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अॅपमधून स्वतः सुरू करावे लागतात. ते सुरू करताना मर्यादा ऑर्डरच्या रकमेपेक्षा थोडीच अधिक ठेवावी आणि पैसे गेले की ते पुन्हा बंद करावेत, कारण अनेक परदेशी विक्रेत्यांकडे ओटीपी विचारला जात नाही. परकीय चलनातील खर्चावर बँक स्वतःचे शुल्क लावते आणि त्यावर जीएसटी येतो. तोही हिशेबात धरावा.

नावाबाबत एक सूचना. सोसायटीत ज्या नावाने ओळखतात ते, किंवा छंदासाठी घेतलेले एखाद्या 'लॅब'चे नाव ऑर्डरमध्ये घालू नये. पार्सल संस्थेच्या नावावर आले की आयात-निर्यात कोड आणि जीएसटी क्रमांकाची विचारणा होऊ शकते. व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या, व्यापाराशी संबंध नसलेल्या मालाला आयात-निर्यात कोड लागत नाही.

५. ऑर्डर भरताना

अधिकृत वितरकाकडूनच खरेदी करावी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील डिजी-की आणि टेक्सासमधील माउझर हे दोन मोठे वितरक भारतात माल पाठवतात. एलिमेंट१४ भारतातही काम करते आणि तेथे रुपयांत खरेदी होते, म्हणून पहिला शोध तेथे घ्यावा. हवे ते सगळे रुपयांत मिळाले तर पुढच्या पायरीची गरजच उरत नाही. जुन्या मार्गदर्शक लेखांत अलीएक्स्प्रेसचा सल्ला असतो, पण त्या अॅपवर नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातली. शिवाय ऑडिओच्या आयसींमध्ये बनावट मालाचे प्रमाण इतके आहे की अनोळखी विक्रेत्याकडची स्वस्ताई शेवटी महागात पडते.

सर्वांत जास्त घात होतो तो भागाच्या क्रमांकाच्या शेपटीत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एनई५५३२पी हा आयसी बेसमध्ये बसणारा, दोन ओळींत आठ पाय असलेला आहे. एनई५५३२डीआर हा त्याच आयसीचा पृष्ठभागावर सोल्डर होणारा, नखाएवढा अवतार आहे. तसेच ओपीए२१३४पीए बेसमध्ये बसतो आणि ओपीए२१३४यूए बसत नाही. चित्रावर विसंबू नये. 'थ्रू होल' (पाय भोकातून जाणारा) हे शब्द वर्णनात आहेत याची प्रत्येक ओळीला खात्री करावी. कपॅसिटरसाठी पायांमधील अंतरही पाहावे. ५ मिलिमीटरचा कपॅसिटर झिरो पीसीबीच्या २.५४ मिलिमीटरच्या जाळीत बिनबोभाट बसतो, १५ मिलिमीटरचा विनाकारण जागा खातो.

पोटेन्शिओमीटर मागवत असाल तर अक्षराचा घोळ समजून घ्यावा. आजच्या आशियाई आणि अमेरिकन मालावर 'ए' म्हणजे लॉग आणि 'बी' म्हणजे लिनिअर. जुन्या युरोपीय मालावर याच्या उलट असू शकते. आवाजासाठी लॉग हवा. लिनिअर बसवला तर घुंडी थोडी फिरवताच जवळजवळ सगळा आवाज येतो आणि उरलेल्या फेऱ्यात काहीच बदलत नाही.

संख्या ठरवताना वाहतूक खर्चाकडे पाहावे. चार कपॅसिटर लागत असतील तर दहा घ्यावेत. त्यांतून मोजून जुळणाऱ्या जोड्या निवडता येतात. विशिष्ट रकमेपुढे वाहतूक मोफत असेल तर तेवढी रक्कम गाठण्यासाठी दोन-तीन मित्रांनी मिळून एकच ऑर्डर द्यावी, हे उत्तम. मात्र संख्या इतकी फुगवू नये की ती घरगुती वापराची वाटणार नाही. एकाच आयसीचे शंभर नग मागवल्यास ते स्वतःच्या वापरासाठी आहेत हे पटवणे कठीण जाते.

अमेरिकन वितरक मालाचा अंतिम उपयोग विचारतात, कारण त्यांच्या देशाच्या निर्यात नियंत्रण कायद्यांनुसार त्यांना तशी नोंद ठेवावी लागते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. छंद म्हणून घरगुती ऑडिओ उपकरण बांधत आहे, माल पुन्हा विकणार नाही, असे खरे ते लिहावे.

६. सीमाशुल्क

ऑर्डरच्या शेवटच्या पानावर सीमाशुल्क विक्रेता भरणार की आपण, हे नमूद असते. विक्रेता भरणार असेल तर पाहिलेली किंमत अंतिम असते. आपण भरायचे असेल तर कुरियर कंपनी ते आपल्या वतीने भरते आणि नंतर स्वतःच्या सेवाशुल्कासह वसूल करते. लहान ऑर्डरमध्ये हे सेवाशुल्कच डोळ्यांत भरते, आणि सगळे एकाच पार्सलमध्ये मागवावे असे मी आग्रहाने सांगतो ते त्यामुळेच.

हिशेबाची पद्धत समजली की धक्का बसत नाही. करपात्र मूल्यात वस्तूंच्या किमतीबरोबर वाहतूक आणि विमाही धरला जातो. त्यावर मूळ सीमाशुल्क लागते, त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा एकात्मिक जीएसटी) लागतो. उदाहरणापुरते समजा, की माल ६,००० रुपयांचा, वाहतूक १,५०० रुपये, मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के आहे. मग मूल्य ७,५००, शुल्क ७५०, अधिभार ७५, बेरीज ८,३२५ आणि आयजीएसटी १,४९८.५०, म्हणजे एकूण २,३२३.५० रुपये वर द्यावे लागतील. यातील दर केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याच्या आठवड्यात केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत.

दर कोणत्या शीर्षकाखाली लागतो यालाही महत्त्व आहे. कपॅसिटर ८५३२, रेझिस्टर ८५३३, डायोड व ट्रान्झिस्टर ८५४१ आणि आयसी ८५४२ या शीर्षकांत येतात. वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या मालाचे स्वतंत्र शीर्षक ९८०४ आहे. कोणते लावले त्यानुसार रक्कम बदलते. वितरकाच्या बिलात प्रत्येक ओळीपुढे हे क्रमांक आणि मूळ देश छापलेला असावा, आणि त्या बिलाची प्रत कुरियरच्या विचारणेआधीच फोनमध्ये जतन करून ठेवावी.

पार्सल देशात आले की केवायसीचा संदेश येतो. त्यातील दुव्यावर लगेच बोट ठेवू नये, कारण अशाच संदेशांची फसवी नक्कल सर्रास होते. पार्सलचा क्रमांक कुरियरच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः टाइप करून पाहावा आणि तेथूनच कागदपत्रे भरावीत. हे काम मात्र त्याच दिवशी करावे, विलंब झाला तर गोदामाचे भाडे चढू लागते.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. विक्रेत्याला किंमत कमी दाखवायला सांगू नये, आणि पार्सलवर 'भेट' असे लिहायला लावू नये. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरियरने ऑनलाइन खरेदीचा माल भेट म्हणून आणण्यास, राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता, मनाई आहे. अशी चिठ्ठी लावलेले पार्सल सुटण्याऐवजी अडकते.

७. माल आल्यावर तपासणी

प्रत्येक कपॅसिटर मीटरवर मोजून त्याच्या पाकिटावर पेन्सिलीने आकडा लिहावा आणि दोन्ही चॅनलसाठी जवळात जवळच्या जोड्या लावाव्यात. मूल्य छापील आकड्यापेक्षा टक्काभर इकडेतिकडे असले तरी चालेल, पण डावा आणि उजवा सारखे हवेत. तबल्याची जागा आणि गायकाचा आवाज मध्यभागी स्थिर राहतो तो या जुळणीमुळे.

बाजारातून घेतलेल्या ५५३२ ची परीक्षा प्रवाहावरून होते. सिग्नल नसताना अस्सल आयसी साधारण ८ मिलिअँपिअर घेतो. ज्यावर ५५३२ छापले आहे तो जर ३-४ मिलिअँपिअरच घेत असेल, तर आतमध्ये दुसराच, स्वस्त ऑप-अँप असण्याची दाट शक्यता आहे.

८. वीजपुरवठा आधी, एकटा बांधा

प्रीअँपचा बोर्ड हातात घेण्यापूर्वी ±१५ व्होल्टचा पुरवठा पूर्ण करून तो मोजून ठेवावा. १५ व्होल्टच्या वाइंडिंगमधून रेक्टिफायरनंतर हिशेबाने २० व्होल्ट निघतात, परंतु भार हलका असल्यामुळे प्रत्यक्षात २३-२४ पर्यंत जातात. ३५ व्होल्टचे कपॅसिटर सांगितले आहेत ते यासाठी.

७८१५ आणि ७९१५ दिसायला जुळे असले तरी त्यांचे पाय वेगळे आहेत. छापील बाजू आपल्याकडे करून डावीकडून पाहिले असता ७८१५ चा क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा आहे, तर ७९१५ चा ग्राउंड, इनपुट, आउटपुट. पाठीमागचा धातूचा पत्राही निराळा : ७८१५ चा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो आणि ७९१५ चा इनपुटला. त्यामुळे दोन्ही एकाच पट्टीवर किंवा पेटीच्या भिंतीवर नुसत्या स्क्रूने आवळले तर उणे बाजू थेट ग्राउंडला शॉर्ट होते. अभ्रकाची चकती आणि प्लॅस्टिकचे बुश वापरावे, किंवा भार इतका कमी असताना दोघांनाही हवेत मोकळे उभे ठेवावे. उणे बाजूच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे अधिक टोक ग्राउंडकडे जाते, हेही लावताना पुन्हा पाहावे.

९. बोर्ड जोडणी

आधी बेस, मग रेझिस्टर, मग फिल्म कपॅसिटर आणि शेवटी इलेक्ट्रोलिटिक असा क्रम ठेवावा. आयसीच्या ८ आणि ४ क्रमांकाच्या पायांपासून ग्राउंडकडे १०४ चा एकेक कपॅसिटर पायाला लागूनच लावावा. आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा बायपोलर कपॅसिटर, त्याच्या पुढे सिरीजमध्ये १०० ओहम आणि सॉकेटजवळ ग्राउंडला १०० के द्यावा. लांब शील्डेड वायरमुळे आयसी अस्थिर होण्याचा धोका त्या १०० ओहमने टळतो. इनपुटची तार शक्य तितकी आखूड ठेवावी.

१०. पेटी आणि अर्थिंग

ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत ठेवता आला तर सर्वांत चांगले. एकाच पेटीत ठेवायचा असेल तर इनपुट सॉकेटच्या विरुद्ध कोपऱ्यात ठेवावा.

धातूच्या पेटीला मेन कॉर्डची हिरवी तार स्क्रूने पक्की जोडणे अनिवार्य आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थिंगच नसते, असे अनेकदा आढळते. वायरमनकडून ते तपासून घ्यावे. गुणगुण थांबवण्यासाठी अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, तो जिवावर बेतणारा आहे. आरसीए सॉकेट पेटीपासून इन्सुलेटेड ठेवावेत आणि सिग्नलचे ग्राउंड पेटीला इनपुटजवळ एकाच ठिकाणी जोडावे. ग्राउंड लूपचा, म्हणजे ग्राउंडच्या दोन वाटा झाल्यामुळे येणाऱ्या गुणगुणीचा, त्रास उरलाच तर त्या एका जोडात १० ओहमचा रेझिस्टर घालावा. रेकॉर्ड प्लेअरची सुटी बारीक तार जोडण्यासाठी मागे एक स्क्रू-टर्मिनल द्यावे.

११. पहिल्यांदा वीज देताना

सिरीज बोर्ड वापरावा, म्हणजे २५ किंवा ४० वॅटचा तारेचा बल्ब मेनच्या वाटेत सिरीजमध्ये असावा. एलईडी बल्ब येथे उपयोगी नाही. बटण दाबताच बल्ब क्षणभर उजळून विझला तर ठीक. तो पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करावे.

आयसी बेसमध्ये न घालता ८ क्रमांकाच्या पायावर अधिक १५ आणि ४ क्रमांकावर उणे १५ व्होल्ट आहेत का ते मोजावे. वीज बंद करून, कपॅसिटर रिकामे झाल्यावर आयसी घालावा, त्याची खाच बेसच्या खाचेकडे. इनपुट शॉर्ट ठेवून १ आणि ७ क्रमांकाच्या पायांवरचा डीसी मोजावा. काही मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. बारा-तेरा व्होल्ट दिसले तर फीडबॅकची वाट कुठेतरी तुटलेली आहे. एवढे झाल्याखेरीज अँप्लिफायर आणि स्पीकर जोडू नयेत.

१२. गुणगुण आणि बाहेरचे आवाज

गुणगुण ऐकू आली तर आधी तिची जात ओळखावी. मोबाइलवरील स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या अॅपने हे सोपे होते. ५० हर्ट्झचा खोल घुमणारा आवाज ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा ग्राउंड लूपमधून येतो. ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी थोडा फिरवून पाहावा; आवाज बदलला तर कारण सापडले. १०० हर्ट्झचा करकरीत आवाज रेक्टिफायरकडून येतो. अशा वेळी २२०० मायक्रोफॅरडच्या दोन कपॅसिटरचा मध्य, ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आणि सिग्नल ग्राउंड हे कसे जोडले आहेत ते पाहावे. कपॅसिटर भरणारा प्रवाह सिग्नलच्या ग्राउंडमधून वाहत असेल तर तेथून बोर्डाकडे स्वतंत्र तार काढावी. फक्त रेकॉर्ड प्लेअर जोडल्यावर आवाज येत असेल तर त्याची बारीक ग्राउंड तार सैल आहे का ते पाहावे; बहुतेक वेळा तेच निघते.

हडपसरच्या आकाशवाणी परिसरात किंवा तिथून जवळ राहणाऱ्यांना तबकडीच्या मागे मंदपणे बातम्या ऐकू आल्या तर त्यांनी आयसी बदलण्याच्या भानगडीत पडू नये. पुणे केंद्राचे मध्यम लहरींवरील प्रक्षेपण ७९२ किलोहर्ट्झवर असते आणि इनपुटची लांब तार त्याला अँटेनासारखी उचलते. सॉकेटपासून आयसीकडे जाणाऱ्या वाटेत फेराइट मणी आणि त्यानंतर ग्राउंडला १०० पिकोफॅरड, दोन्ही सॉकेटच्या पायांवरच सोल्डर करून, झाकण चारही स्क्रूंनी बंद करावे. कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात जी एकूण कपॅसिटन्स सांगितलेली असते तिच्यात तार आणि हे १०० पिकोफॅरड दोन्ही धरावेत. बेरीज अधिक होत असेल तर ४७ पिकोफॅरड लावून पाहावा.